काळे केस चंदेरी करताना

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. शनिवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो, त्यामुळे दवाखान्यात खेड्यापाड्यांतून आलेल्या रुग्णांची गर्दी असते. त्या गर्दीत डोक्याला ओढणी घट्ट गुंडाळलेली एक एकवीस-बावीस वर्षांची मुलगी आईबरोबर बसली होती. त्यांच्या शेजारी आणखी एक बाई होत्या. त्यांना मी ओळखत होतो, त्यांचे गावात छोटे ब्यूटी पार्लर आहे. तिघींपैकी कोणी कोणाशी बोलत नव्हते. नंबर आला तेव्हा तिघी एकदमच आत आल्या आणि आईने बसायच्या आधीच सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, आधी हिचं डोकं बघा, आणि मग या बाईंना विचारा, यांनी काय लावलं ते."

मुलीने ओढणी सोडली. खांद्यापर्यंतचे केस मक्याच्या कणसाच्या केसांसारखे पिवळट पांढरे झाले होते आणि हाताला तसेच लागत होते. डोक्याच्या मागच्या बाजूला, भोवऱ्याच्या जरा खाली, रुपयाची दोन नाणी शेजारी ठेवावीत एवढी जखम होती. मध्ये काळपट, चामड्यासारखी कडक खपली आणि कडेने लाली. चार दिवस झाले होते. त्यावर घरी हळद आणि टूथपेस्ट लावून झाली होती. ती धुऊन काढण्यातच पहिली दहा मिनिटे गेली.

"डॉक्टर, इथं केस परत येतील ना?" मुलीने विचारले. चुलतबहिणीचे लग्न दहा दिवसांवर आले होते. पण तिला लग्नाची काळजी नव्हती, त्या जागेची होती. मी तेव्हा सरळ उत्तर दिले नाही. "आधी जखम भरू दे," म्हणालो. हे उत्तर डॉक्टर लोक कधी देतात हे आमच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

केसांना मेंदी, कलप आणि डाय यांवर या सदरात पूर्वी लिहून झाले आहे. पण गडद केसांचा रंग काढून टाकून ते चंदेरी-सोनेरी करण्याची हौस आपल्या जिल्ह्यात तशी नवी आहे. मोबाइलवर तीस सेकंदांत काळ्याचे पांढरे झालेले केस दिसतात. त्या तीस सेकंदांमागे खुर्चीवर किती तास आणि किती दिवस गेले ते दिसत नाही. तेव्हा आज हा प्रकार नीट समजून घेऊ.

ही हौस आली कुठून? हायड्रोजन पेरॉक्साइड हा पदार्थ १८१८ साली थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शोधला. त्याने केसांचा रंग उडतो हे १८६७ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोकांना करून दाखवण्यात आले. परंतु घरोघरच्या मुलींना त्याचे वेड लागले ते सिनेमामुळे. जीन हार्लो नावाची अमेरिकन नटी होती. तिचा 'प्लॅटिनम ब्लॉन्ड' हा चित्रपट १९३१ साली आला आणि प्लॅटिनम धातूसारख्या दिसणाऱ्या या केसांना तेच नाव चिकटले. तिच्या केसांवर दर आठवड्याला पेरॉक्साइड, अमोनिया आणि कपडे धुण्याचे ब्लीच यांचा प्रयोग होत असे, असे तिच्या केशरचनाकाराने पुढे सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. केस इतके तुटले की पुढे तिला टोप घालावा लागला. ती १९३७ मध्ये सव्वीसाव्या वर्षी वारली, त्यामुळे ब्लीचनेच तिचा जीव घेतला अशी अफवा उठली आणि ती अजूनही ऐकू येते. ती खरी नाही. तिचे मूत्रपिंड निकामी झाले होते आणि त्याचे कारण केसांत नव्हते. मात्र अमोनिया आणि कपड्यांचे ब्लीच एकत्र केल्यास विषारी वायू निघतो, हे शंभर टक्के खरे आहे. घरातली फरशी पुसायची बाटली घेऊन डोक्यावर प्रयोग करू नका, एवढे सांगण्यापुरतीच ही गोष्ट.

आता केसाकडे वळू. टाळूच्या वर दिसणारा केस हा निर्जीव असतो. जिवंत असते ते टाळूच्या आतले मूळ. केस आडवा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात आणि आत धाग्यांचा जाड गाभा असतो. केसाचा रंग या गाभ्यात असतो. मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्याचे बारीक कण तिथे विखुरलेले असतात. आपल्याकडच्या लोकांच्या केसांत त्याचा काळा-तपकिरी प्रकार भरपूर असतो, तर लालसर-पिवळ्या केसांत दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण जास्त असते.

रंग लावणे आणि रंग काढणे यांत फरक आहे. मेंदी केसाला बाहेरून वेढते आणि थोडी आत मुरते. ब्लीचला मात्र गाभ्यापर्यंत जाऊन आतले कण मोडावे लागतात. त्यासाठी दोन गोष्टी कालवतात. एक निळसर किंवा पांढरी पूड, तिच्यात अमोनियम, पोटॅशियम किंवा सोडियम यांची परसल्फेटे आणि अल्कली असतात. दुसरे पातळ दुधासारखे द्रव, ज्याला पार्लरमध्ये डेव्हलपर म्हणतात, ते म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. अल्कलीने केस फुगतो, कौले वर उचलली जातात, आणि त्या फटींतून पेरॉक्साइड आत जाऊन रंगाचे कण जाळते. होय, जाळते हाच शब्द योग्य आहे. विस्तव नसला तरी ते ज्वलनाच्याच जातीचे रासायनिक काम आहे.

अडचण अशी की रंगाचे कण आणि केसाचे धागे यांत हे मिश्रण भेदभाव करत नाही. केसाला बळकटी येते ती धाग्यांमधल्या गंधकाच्या बंधांमुळे. साध्या ब्लीचिंगमध्ये यांपैकी १५ ते २५ टक्के बंध तुटतात आणि कडक ब्लीचिंगमध्ये हा आकडा ४५ पर्यंत जातो, अशी नोंद केसांच्या रसायनशास्त्राच्या ग्रंथांत आहे. शिवाय केसावर निसर्गाने दिलेला एक तेलकट पातळ थर असतो, तोही निघून जातो. म्हणून असे केस पाणी शोषतात, वाळायला वेळ लावतात, एकमेकांत गुंततात आणि ओले असताना ओढले की रबरासारखे ताणून तुटतात. हा तुटलेला केस दुरुस्त होत नाही. महागडे कंडिशनर वरून गुळगुळीतपणा आणते, तुटलेली भिंत पुन्हा बांधत नाही. जाहिरातीत काहीही म्हणोत.

केसांचा गडदपणा मोजायची पार्लरवाल्यांची एक पट्टी असते. १ म्हणजे काळाकुट्ट आणि १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेकांचे केस १ ते ३ मध्ये बसतात. प्लॅटिनम रंगासाठी १० पर्यंत जावे लागते. वाटेत केस आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी पिकलेल्या केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा होतो. त्यावर जांभळ्या छटेचा टोनर लावला की उरलेला पिवळेपणा दबतो आणि केस चंदेरी दिसतो. कपड्यांना नीळ घालतात त्यातलाच हा प्रकार. गोऱ्या देशातल्या मूळच्याच तपकिरी-सोनेरी केसांच्या मुलीला दोन-तीन पायऱ्या चढायच्या असतात. आपल्या मुलीला सात-आठ पायऱ्या चढायच्या असतात. तेच औषध, तोच मोबाइलवरचा व्हिडिओ, पण प्रवास वेगळा. जाणकार कारागीर हा प्रवास दोन-तीन बैठकांत, मध्ये काही आठवडे सोडून करतात, आणि केस ताण सोसत नसतील तर सरळ नाही म्हणतात. हे सगळे एका दुपारी उरकायचे ठरले की गडबड होते.

आमच्या मुलीच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्या बाईंनी काही लपवले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. पूड आणि ४० व्हॉल्यूमचे डेव्हलपर वापरले होते. हा व्हॉल्यूमचा हिशेब वाचकांनी समजून घ्यावा. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. युरोपातल्या कायद्यानुसार केसांच्या उत्पादनात १२ टक्के ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे ४० व्हॉल्यूम ही चढणीची शेवटची पायरी, आणि ती टाळूला लागेल अशी वापरू नये असे जाणकार सांगतात. पहिल्या वेळी केस नारिंगीवर अडकले. मुलगी रडवेली झाली. तेव्हा त्याच दिवशी, त्याच केसांवर दुसरा थर मुळांपासून दिला, चांदीच्या कागदात गुंडाळला आणि लवकर व्हावे म्हणून वरून गरम हवेचे यंत्र लावले. "मला मागं चटका बसतोय," असे मुलगी दोनदा म्हणाली. "थोडं चुरचुरतंच, अजून दहा मिनिटं," असे तिला सांगण्यात आले. खुर्चीवर ती एकंदर साडेसहा तास बसली होती.

आणि मग मी विचारले, "आधी केसांना काय लावत होतीस?" उत्तर आले, "काही नाही, फक्त मेंदी." कसली मेंदी? पुडीतली काळी मेंदी, दर दोन महिन्यांनी. तीही तिच्याच पार्लरमधून.

इथे जरा थांबतो, कारण हा मुद्दा आपल्या घराघराला लागू आहे. मेंदीच्या झाडाच्या पानांपासून काळा रंग येत नाही, तांबडाच येतो. काळ्या मेंदीचा काळेपणा बहुधा पॅरा-फिनिलीन-डायअमाइन या रसायनाचा असतो आणि काही मिश्रणांत धातूंचे क्षारही असतात. असे धातू केसात मुरलेले असले आणि वरून पेरॉक्साइड पडले तर ते एकदम उसळते, फेस येतो आणि केस हाताला चटका बसेल इतका तापू शकतो. त्यात चांदीचा कागद आणि गरम हवा. या तिघांपैकी कोणामुळे किती भाजले, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पण एक केसांची बट आधी तपासली असती तर निदान अंदाज आला असता. तपासणी सोपी आहे. कंगव्यात आलेले चार-सहा केस काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमच्या डेव्हलपरमध्ये टाकायचे, अमोनियाचे दोन-चार थेंब घालायचे आणि अर्धा तास पाहायचे. वाटी कोमट झाली, बुडबुडे आले किंवा केसांचा रंग विचित्र बदलला तर त्या डोक्याला ब्लीच लावायचे नाही. मेंदीचा भाग वाढून कापला जाईपर्यंत थांबायचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडा जास्त वाढतो. खांद्यापर्यंतच्या केसांना किती दिवस लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अशा भाजण्याबाबत लक्षात ठेवायची गोष्ट ही की ते वरून दिसते त्यापेक्षा खोल असते. गरम तव्याचा चटका बसला की आपण हात लगेच काढतो. रसायन तसे नसते. ते धुतले जाईपर्यंत आत उतरत राहते. पहिल्या दिवशी नुसती लाली दिसते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्वचा काळी पडून मेलेली कळते. मूळ जळाले तर तिथे व्रण राहतो आणि केस येत नाहीत. म्हणून चुरचुर आणि चटका यांत फरक करायला शिका. किंचित खाज, हलकी चुरचुर बऱ्याच जणींना होते. एकाच जागी दुखायला लागले, कागद गरम लागला, तर "धुवा" म्हणा. "अजून दहा मिनिटं" ऐकू नका. खुर्चीवरून उठून स्वतः नळाखाली डोके धरा. कोमट किंवा साध्या वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटे, घड्याळ लावून. डोळ्यात गेले असेल तर डोळाही तितकाच वेळ, आणि मग थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. हळद, तूप, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस काही लावू नका. जखम झाकली जाते आणि आम्हाला ती वेळेवर दिसत नाही.

फार क्वचित, मिश्रण लावल्यावर काही मिनिटांतच अंगभर गांध्या उठतात, ओठ-पापण्या सुजतात, श्वास अडकतो. परसल्फेटाने असे झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. अशा वेळी डोके धुवत बसू नये, रुग्णाला तडक दवाखान्यात न्यावे. हे मिनिटांचे काम आहे.

आता त्या तिसऱ्या बाईंकडे येतो. सगळे बोलणे चालले असताना त्या खोकत होत्या. मुलीची मलमपट्टी झाली, मायलेकी बाहेर गेल्या, तेव्हा त्या मागे रेंगाळल्या. मला वाटले पैशांचे विचारतील. त्या म्हणाल्या, "डॉक्टर, तिचा खर्च मी देणार आहे. पण मला एक सांगा, संध्याकाळी माझ्या छातीत शिट्टी का वाजते?"

इथे माझी स्वतःची चूक कबूल केली पाहिजे. याच बाई दोन वर्षांपूर्वी हाताच्या इसबासाठी माझ्याकडे येत होत्या. तेव्हाही त्या खोकत होत्या. मी हाताला मलम दिले, हातमोजे घाला म्हणालो आणि खोकल्यासाठी "धूळ टाळा" एवढे सांगून मोकळा झालो. हात आणि छाती या दोन तक्रारींचे मूळ एकच असू शकते हे मला सुचायला हवे होते. ब्लीचच्या पुडीतली परसल्फेटे हे केशकर्तनाच्या धंद्यात होणाऱ्या दम्याचे एक चांगले माहीत असलेले कारण आहे. पूड डब्यातून वाटीत ओतताना जी बारीक धूळ उडते ती श्वासातून जाते. सुरुवातीला काही होत नाही. काही महिने, कधी काही वर्षे गेल्यावर शरीर त्या पदार्थाला चिडायला लागते. नाक गळणे, शिंका, मग खोकला, मग धाप. लक्षण ओळखण्याची खूण अशी की त्रास कामाच्या दिवशी, बहुधा दुपारनंतर किंवा रात्री वाढतो आणि चार दिवस माहेरी गेले की उतरतो. एकदा शरीर चिडले की मग चिमूटभर धूळही पुरते.

मी त्यांना छातीच्या डॉक्टर मित्राकडे पाठवले. त्यांनी फुंकर मोजायचे एक साधे नळीसारखे यंत्र दिले आणि तीन आठवडे दिवसातून चार वेळा आकडे वहीत लिहायला सांगितले. बाईंनी ती वही मला आणून दाखवली. सोमवारी पार्लर बंद. त्या दिवशी आकडा ३४० च्या आसपास. ब्लीचचे काम असलेल्या दिवशी रात्री २४०-२५०. फक्त थ्रेडिंग आणि मेंदीचे काम असलेल्या दिवशी ३२०. पुढच्या तपासण्यांनीही दमाच ठरला. पण ती वही मी माझ्याकडे येणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांना आजही उदाहरण म्हणून सांगतो.

आपल्या गावांत पार्लर चालवणाऱ्या शेकडो बायका आहेत. बहुतेक ठिकाणी ती दहा बाय दहाची खोली असते, पडदा लावलेला असतो, खिडकी बंद असते आणि तिथेच कोपऱ्यात मिश्रण कालवले जाते. या भगिनींना माझे सांगणे असे. उडणारी पूड न घेता न उडणाऱ्या दाण्यांची पूड किंवा क्रीमच्या रूपातले ब्लीच मिळते, ते घ्या, थोडे महाग पडले तरी. आधी द्रव वाटीत घ्या, त्यात पूड हळू सोडा. कालवणे मागच्या दाराशी, उघड्यावर करा. ओढणी तोंडावर घेऊन ही धूळ अडत नाही. हातमोजे नायट्राइलचे घ्या आणि एकदा काढलेला मोजा उलटा करून पुन्हा घालू नका, कारण आत शिरलेले रसायन मग दिवसभर हातालाच चिकटून राहते. पंखा गिऱ्हाइकाकडून तुमच्या तोंडावर नको, खिडकीबाहेर हवा फेकणारा हवा. आणि खोकला पंधरा दिवसांच्या वर राहिला तर डॉक्टरांना आपण काय काम करता हे न विचारता सांगा. विचारायचे राहून जाते, हे वर लिहिलेच आहे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की डॉक्टरांनी सरळ बंदीच घालावी. ते माझे काम नाही. केस ज्याचे त्याचे आहेत, आणि नीट केले तर चांगलेही दिसतात. करायचेच असेल तर काही गोष्टी पाळाव्यात. ठरवल्या दिवसाच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस टोनरचा थेंब लावून पाहावा, कारण टोनरमध्ये डायच्याच जातीची रसायने असू शकतात. पूर्वी काळ्या मेंदीने किंवा डायने खाज, सूज आली असेल तर हा नाद सोडावा. टाळूवर फोड, इसब, खाजवून झालेले ओरखडे असतील तर ते बरे होईपर्यंत थांबावे. आदल्या दिवशी डोके चोळून धुऊ नये, टाळूचा नैसर्गिक तेलकटपणा तेवढाच आधार असतो. केस सरळ करण्याचे रासायनिक काम, ज्याला आपल्याकडे स्मूदनिंग म्हणतात, ते आणि ब्लीच एकाच महिन्यात नको. लग्न, मुलाखत, परीक्षा यांच्या आदल्या आठवड्यात तर नकोच. सगळे डोके न करता मुळांपासून बोटभर अंतर सोडून चार बटा केल्या तर टाळूला औषध लागतच नाही, आणि माझ्या मते आपल्या चेहऱ्याला त्या अधिक शोभतातही. अर्थात हे एका त्वचेच्या डॉक्टराचे मत आहे, सौंदर्यतज्ज्ञाचे नव्हे.

गरोदरपणात चालेल का, असे विचारणारी पत्रे येतात. रसायन त्वचेतून फार थोडे आत जाते आणि बाळाला अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरी पहिले तीन महिने थांबावे असेच मी सांगतो, कारण त्या काळात वासानेच जीव नकोसा होतो. ब्लीच केल्याने पुढचे केस कायमचे पांढरे येतात का? नाही. मुळाला इजा झाली नसेल तर खालून काळाच केस येतो, आणि महिन्याभरात भांगात काळी रेघ दिसू लागते. म्हणजे ही हौस एकदाची नसते. दर सहा-आठ आठवड्यांनी मुळे रंगवावी लागतात, आणि त्या वेळी आधीच ब्लीच झालेल्या केसांवर पुन्हा औषध चढले तर ते तिथूनच तुटतात. खर्चाचा अंदाज पहिल्या दिवसावरून बांधू नये.

ब्लीच केलेल्या केसांना तेल लावावे का, हाही नेहमीचा प्रश्न. खोबरेल तेल धुण्याआधी लावल्यास केसातून प्रथिने कमी वाहून जातात, असे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसले. सूर्यफुलाच्या तेलाने आणि खनिज तेलाने तसे झाले नाही. हे संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हे खरे, पण खोबरेल केसाच्या गाभ्यात शिरते याचे कारण त्यांनी नीट दिले आहे आणि ते मला पटते. तेव्हा आजीचे खोबरेल चालू ठेवा, फक्त जखम असलेल्या टाळूवर नको. आणि पोहण्याच्या तलावाचे पाणी किंवा तांब्याचा अंश असलेले पाणी लागले तर असे केस हिरवट होतात. घाबरू नये, तो रोग नव्हे.

त्या मुलीचे काय झाले ते राहिले. काळी खपली अडीच आठवड्यांनी सुटली. खालची जखम भरायला आणखी महिना लागला. लग्नाला ती डोक्यावरून पदर घेऊन गेली, आणि केस सगळे कापून बॉबकट करून आली. मला वाटले होते त्यापेक्षा व्रण लहान राहिला, साधारण आठ आण्याच्या नाण्याएवढा. तिथे केस आलेले नाहीत आणि येणारही नाहीत. हे तिला मी तिसऱ्या भेटीत सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुम्ही जखम भरू दे म्हणालात ना." एक वर्षाने व्रण पक्का झाला की प्लास्टिक सर्जनकडे जाऊन तो भाग कापून कडा जोडता येतात किंवा तिथे केसांचे रोपण करता येते. तोवर वरचे केस वाढून तो झाकला जाईल. ती आता औषधांच्या दुकानात नोकरी करते. काळ्या मेंदीची पुडी मागायला येणाऱ्या बायकांना ती पुडीच्या मागची बारीक अक्षरे वाचायला लावते, असे दुकानाचा मालक कुरकुरत सांगत होता.

पार्लरच्या बाईंनी मलमपट्टीचा सगळा खर्च दिला, आईने आधी नको म्हटले तरी. ब्लीचचे काम त्यांनी सोडले आहे. लग्नसराईत त्यामुळे उत्पन्न बरेच कमी झाले हे त्यांनी मला सांगितले, आणि रात्री शिट्टी वाजत नाही हेही सांगितले. फवारा मात्र अजून जवळ ठेवावा लागतो. त्यांच्या दारावरच्या दरपत्रकात 'हायलाइट्स' आणि 'ग्लोबल कलर' या दोन ओळींवर पांढरी चिकटपट्टी लावलेली आहे.

(पुढील आठवड्यात : पावसाळ्यातील नायटा आणि घराघरांतली एकच ट्यूब)